जुने खेळ, नवीं यंत्रें

प्रत्येक खेळाला दोन गोष्टी लागतात: एक नियम आणि दुसरें साधन. नियम माणसाच्या डोक्यांत राहतात आणि बापाकडून मुलाकडे, आजीकडून नातीकडे विनामूल्य जातात. साधन मात्र कोणीतरी घडवावें लागतें, कोणीतरी विकत घ्यावें लागतें आणि कोणीतरी जपावें लागतें. खेळ किती काळ जगेल हें त्याच्या गोडीवर अवलंबून असतें, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहिला तर निराळेंच दिसतें. खेळाचें आयुष्य त्याच्या गोडीपेक्षां त्याच्या साधनावर अधिक अवलंबून असतें; आणि साधन जितकें अवघड, तितका खेळ अल्पायुषी.

नवकंकरीचें उदाहरण घ्यावें. महाराष्ट्रांतील लेण्यांच्या ओट्यांवर, घाटवाटांच्या कातळांवर आणि जुन्या देवळांच्या फरशीवर असले पट कोरलेले आढळतात. पट दगडावर नसला तर कोळशानें किंवा खडूनें आंखतां येतो, आणि खडे तर अंगणांतच पडलेले असतात. म्हणून हा खेळ शतकानुशतकें टिकला. सोंगट्यांना कापडाचा पट आणि कवड्या लागल्या. तोहि खेळ टिकला, कारण पट घरींच शिवतां येई. गंजिफांची गोष्ट वेगळी. दशावतारी गंजिफांचा एक संच म्हणजे १२० गोल पानें. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचीं बारा पानें. प्रत्येक पान हातानें रंगवून त्यावर लाखेचा थर चढवावा लागे. हें काम चितारी घराण्यांचें. यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते घरोघर आले, चितारी दुसऱ्या कामाला लागले, आणि खेळाची गोडी कमी झाली नसतांहि खेळ मागें पडला. सावंतवाडीस ही कला अगदीं विझण्याच्या बेतांत होती. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत राजघराण्यांतील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले ह्यांनीं पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिराकडून ती विद्या राजवाड्यांत पुन्हां शिकविली जाईल अशी व्यवस्था केली, म्हणून गंजिफा आज पाहावयास मिळतात.

ह्या ओळींत तिसरा खेळ बसवावयाचा तो संगणकावरचा. त्याचा पट दगडाचा नाहीं, कापडाचा नाहीं आणि लाखेचाहि नाहीं. त्याचा पट म्हणजे एक संपूर्ण यंत्र. तें यंत्र दर कांहीं वर्षांनीं बदलतें आणि त्याबरोबर त्यावरचा खेळहि नाहींसा होण्याची भीति उत्पन्न होते. महाराष्ट्रांतील दोन पिढ्यांचें बालपण ज्या खेळांत गेलें, ते खेळ पुढच्या पिढीच्या हातीं लागतील कीं नाहीं, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा नाहीं.

संगणकीय खेळ म्हणजे आज्ञांची एक लांबलचक यादी. यंत्र ती वाचतें, पडद्यावर चित्र काढतें, खेळणाऱ्याच्या बोटांची हालचाल ओळखतें आणि त्याप्रमाणें पुढचें चित्र बदलतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला संगणक १९६० सालीं चालूं झाला. पुढें त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. तो गणितासाठीं होता. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत मात्र १९६२ सालीं कांहीं तरुणांनीं तशाच एका महागड्या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ नांवाचा दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. यंत्र गंभीर कामासाठीं आणावयाचें आणि रात्रीं त्यावर खेळावयाचें, ही परंपरा तेथपासूनची.

घरांत ठेवण्याजोगा संगणक ह्या खेळांना खरा आधार झाला. आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजीं जाहीर केला. त्याचा प्रोसेसर सेकंदास ४७ लाख ७० हजार ठोक्यांच्या गतीनें चाले आणि सर्वांत स्वस्त नमुन्यांत स्मृति अवघी १६ किलोबाइट असे. त्याबरोबर मिळणाऱ्या नमुन्यांच्या आज्ञावलींत एक खेळ होता: रस्त्यावरून मोटार हांकावयाची आणि वाटेंत येणारीं गाढवें चुकवावयाचीं. त्याच्या दोन कर्त्यांपैकीं एक बिल गेट्स. खेळ सामान्यच होता, पण यंत्राची रचना असामान्य होती. त्याचे बहुतेक सुटे भाग बाजारांत मिळणारे होते. म्हणून दुसऱ्या कारखान्यांना तसेंच यंत्र बनवितां आलें. संगणक एका कंपनीची मिरासदारी न राहतां सुट्या भागांची जुळणी झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

भारत सरकारनें नोव्हेंबर १९८४ मध्यें संगणकाविषयीं उदार धोरण जाहीर केलें. त्यानंतर बँका, कचेऱ्या आणि महाविद्यालयें ह्यांत हीं यंत्रें दिसूं लागलीं. मुंबईंतील झेनिथसारख्या देशी कंपन्या तीं बनवूं लागल्या. घरांत संगणक घेणें मात्र पुष्कळ वर्षें चैनीचेंच होतें. त्यामुळें कित्येकांचा पहिला खेळ वडिलांच्या कचेरींत किंवा संगणकाच्या शिकवणीच्या वर्गांतच झाला. खेळ येई तो फ्लॉपीवर. साडेतीन इंची फ्लॉपींत १.४४ मेगाबाइट मजकूर मावे आणि ती सदऱ्याच्या खिशांत बसे. ‘डिगर’, ‘पॅराट्रूपर’, ‘डेंजरस डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हीं नांवें अशा रीतीनें मुखोमुखीं आणि हातोहातीं पसरलीं.

ह्यांपैकीं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची कथा सांगण्याजोगी आहे. जॉर्डन मेक्नर ह्या तरुणानें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास आणि उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें, आणि त्या चित्रणावरून एकेक आकृति उतरून घेऊन पडद्यावरचा राजपुत्र हलता केला. म्हणूनच तो राजपुत्र इतक्या सहजतेनें कठडा पकडी आणि इतक्या दुःखद रीतीनें खड्ड्यांत पडे. साठ मिनिटांत राजकन्येस सोडवावयाचें, एवढीच कथा. खेळ १९८९ सालीं ॲपल टू ह्या संगणकासाठीं प्रसिद्ध झाला आणि प्रथम खपलाच नाहीं. कारण तें यंत्रच अस्ताला चाललें होतें. दुसऱ्या वर्षीं तो आय. बी. एम. पद्धतीच्या यंत्रांवर आला, मग इतर यंत्रांवर गेला आणि जगभर गाजला. खेळ तोच, साधन बदललें आणि त्याचें नशीब उघडलें. पुढें मूळ आज्ञावलीच हरवली. २०१२ सालीं मेक्नरच्या वडिलांना घरांतील एका खोक्यांत जुन्या चकत्या सापडल्या. जाणत्या लोकांनीं जुनीं यंत्रें जुळवून त्यांवरील मजकूर वाचला आणि तो सर्वांसाठीं खुला करण्यांत आला. जगप्रसिद्ध खेळाची मूळ प्रत एका कपाटाच्या भरंवशावर तेवीस वर्षें राहिली होती.

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले आणि घरगुती संगणकाचें युग आलें. त्याचें केंद्र होतें मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता. त्याचें नांव आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें असलें तरी गिऱ्हाइकाच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें. येथें मदरबोर्ड, प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या, हार्ड डिस्क, मॉनिटर असा एकेक भाग वेगळा विकत घेऊन संगणक जुळवून मिळे. बदलापूरच्या पलीकडे वांगणीच्या वाटेवर असलेल्या चामटोलीपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंतच्या पट्ट्यांतील कुटुंबांनाहि हा बाजार परका नव्हता. बदलापूरहून मुंबई सुमारें ६८ किलोमीटर. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावयाचें, दिवसभर दुकानें पालथीं घालावयाचीं, आणि संध्याकाळच्या गर्दींत मॉनिटरचें जड खोकें मांडीवर घेऊन परतावयाचें, असा तो क्रम असे. स्वस्त घरासाठीं मुंबईपासून दूर आलेल्या ह्या मध्यमवर्गानें संगणक घेतला तो मुलांच्या शिक्षणाच्या नांवानें. त्यावर पहिल्या आठवड्यांत काय सुरू होई, हें सर्वांना ठाऊक असे आणि कोणी बोलत नसे.

उल्हासनगर स्वतःच मोठा बाजार होतें. कल्याणच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें तिची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनीं छोट्या छोट्या कारखान्यांतून नवा संसार उभा केला. परदेशी वस्तूची हुबेहूब नक्कल करण्याबद्दल ह्या गांवाची ख्याति झाली, आणि ‘मेड इन यू. एस. ए.’ ह्यांतील यू. एस. ए. म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद साऱ्या महाराष्ट्रांत रूढ झाला. विनोदाच्या मागें एक अर्थशास्त्र आहे. अस्सल वस्तु न परवडणारा समाज वस्तूवांचून राहत नाहीं. तो नक्कल करतो किंवा नक्कल विकत घेतो. संगणकाच्या खेळांबाबत साऱ्या देशांत हेंच झालें.

यंत्राची निवड हा त्या काळीं घरांतील गंभीर विषय असे. शेजारचा इंजिनियर, संगणकाच्या वर्गांतील शिक्षक आणि आतेभाऊ ह्यांचा सल्ला घेतला जाई. ध्वनीचें कार्ड घ्यावें कीं नाहीं? त्यावांचून यंत्रांतून नुसती टिकटिक आणि पींपीं ऐकूं येई. तें घेतलें कीं वाद्यवृंद वाजे. स्मृति किती असावी? जुन्या पद्धतींत खेळांना पहिल्या ६४० किलोबाइटांतच जागा शोधावी लागे, आणि ती मोकळी करण्यासाठीं बारा-तेरा वर्षांचीं मुलें कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक ह्या नांवांच्या फाइलींत फेरफार करीत बसत. पुढें संगणक-व्यवसायांत नांव काढलेल्या कित्येकांचा पहिला धडा हा असा खेळ चालावा म्हणून झाला आहे. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत भारनियमनानें ह्या विषयांत आणखी एका यंत्राची भर घातली. मुंबई शहर त्यांतून सुटलें. पण बदलापूर-अंबरनाथकडे रोज तासचे तास वीज जाई. तेथें यू. पी. एस. हें चैनीचें साधन नव्हतें. लढाई जिंकत आली असतां दिवे जाणें म्हणजे काय, हें त्या पिढीला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

यंत्रें अशीं घरोघर येत असतांनाच त्यांचें म्हातारपणहि जवळ येऊं लागलें. ‘डूम’ हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजीं बाहेर पडला. त्याचा पहिला भाग फुकट होता आणि त्याच्या प्रति काढण्यास मुभा होती. पण तो नीट चालावयास जुनें यंत्र पुरेना. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स ह्या अमेरिकन कंपनीचें ‘वूडू’ कार्ड आलें. तें त्रिमिति चित्रें इतकीं सुरेख काढी कीं, पुष्कळ खेळ त्याच्याच ‘ग्लाईड’ ह्या भाषेंत लिहिले गेले. अवघ्या चार वर्षांत ती कंपनी बुडाली. तिची मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हीडियानें घेतली. कार्ड निकामी झालें आणि केवळ त्याच्याच भाषेंत बोलणारे खेळ मुके झाले. उलट प्रकारहि घडला. फार जुने खेळ प्रोसेसरच्या गतीवरच आपला वेग बेतीत. नव्या, जलद यंत्रावर ते इतके वेगानें धांवूं लागले कीं, खेळणाऱ्यास बोट हलविण्यापूर्वींच मरण येई. म्हणून कांहीं संगणकांच्या पुढच्या बाजूस ‘टर्बो’ नांवाचें बटण असे. नांव गतीचें, पण त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठीं होई.

येथें संचांची गोष्ट सुरू होते. सीडी आली तेव्हां तिच्यांत ६५० मेगाबाइट, म्हणजे सुमारें साडेचारशें फ्लॉपींचा मजकूर मावूं लागला. एका तबकडीवर शंभर-दोनशें जुने खेळ भरून ती पदपथावर थोड्या रुपयांत विकली जाऊं लागली. कर्त्याचें नांव नाहीं, माहितीपत्रक नाहीं, कित्येकदां शेवटचा टप्पाहि नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें ही उघड चोरी होती. संगणकाच्या आज्ञावलीस १९८४ च्या दुरुस्तीनें लेखनकृतीचें संरक्षण मिळालें होतें. १९९४ च्या दुरुस्तीनें तर चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणेंहि शिक्षेस पात्र ठरविलें. तरीहि तबकड्या खपत राहिल्या. अस्सल प्रत ह्या गांवांत मिळतच नव्हती, आणि मिळाली तर तिची किंमत महिन्याच्या वाणसामानाएवढी असे. ह्या चोरीनें खेळ रचणाऱ्यांचें नुकसान केलें, देशी खेळ रचूं पाहणाऱ्यांचा बाजार जन्मण्यापूर्वींच मारला, हें खरें. त्याच चोरट्या तबकड्यांमुळें कित्येक खेळ लोकांच्या आठवणींत आणि हार्ड डिस्कवर उरले, हेंहि खरें. दोन्ही सत्यें एकत्र ठेवल्यावांचून हा इतिहास लिहितां येत नाहीं.

‘ई. ए. स्पोर्ट्स क्रिकेट ०७’ हें ह्याचें ठळक उदाहरण. २००६ च्या अखेरीस निघालेला हा खेळ भारतांत अफाट खेळला गेला. त्यानंतर त्या कंपनीनें संगणकासाठीं क्रिकेटचा दुसरा खेळ काढला नाहीं आणि हाहि विकावयाचा बंद झाला. अधिकृत दुकानांत तो आज मिळत नाहीं. परवाना न मिळालेल्या संघांतील खेळाडूंचीं नांवें त्यांत बदललेलीं होतीं. हौशी लोकांनीं तीं सुधारलीं, नवे खेळाडू घातले, नवे पोशाख चढविले आणि वर्षानुवर्षें तो खेळ जागता ठेवला. ज्याला तो पैसे देऊन घ्यावयाचा आहे त्याला पैसे देण्यास जागा नाहीं. अशा ठिकाणीं चोरी आणि जतन ह्यांच्यांतील रेघ फार पुसट होते.

लॅमिंग्टन रस्त्याचा जुळा भाऊ पोलंडच्या वॉर्सा शहरांत होता. तेथेंहि १९९४ पर्यंत आज्ञावलीस संरक्षण देणारा कायदा नव्हता आणि आठवड्याच्या बाजारांत खेळांच्या प्रति राजरोस विकल्या जात. त्याच बाजारांत मार्चिन इविन्स्की हा विद्यार्थी खेळ विकी. १९९४ सालीं त्यानें एका मित्राबरोबर सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. चोरट्या प्रतीशीं झुंजावयाचें तर तिच्यापेक्षां चांगली वस्तु द्यावी लागेल, हें त्याला बाजारांतच उमगलें होतें. ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ त्यांनीं १९९९ सालीं पोलिश भाषेंत, नामांकित नटांच्या आवाजांत, नकाशा आणि जाड माहितीपुस्तकासह दिला आणि तो उत्तम खपला. २००८ सालीं ह्याच कंपनीनें ‘गुड ओल्ड गेम्स’ ही विक्रीव्यवस्था सुरू केली: जुने खेळ, आरंभीं सहा ते दहा डॉलरला, आणि कोणतेंहि कुलूप न घालतां. विकत घेतलेली प्रत गिऱ्हाइकानें आपल्या चकतीवर ठेवावी आणि कंपनीची परवानगी न विचारतां वापरावी, असा त्यांचा करार. भारतांतील घराण्यांनींहि ती सोय वापरली आहे. दोन वर्षांनीं, मे २०१० मध्यें, अमेरिकेंत ‘हंबल’ नांवाचा संच निघाला. त्यांत कांहीं स्वतंत्र कर्त्यांचे खेळ एकत्र होते आणि गिऱ्हाइकानें आपल्याला योग्य वाटेल ती किंमत द्यावी, त्यांतील वांटा धर्मादायास जावा, अशी योजना होती. पदपथावरच्या तबकडीची कल्पना ह्या लोकांनीं सरळ मार्गावर आणली.

जुना खेळ पुन्हां विकावयाचा म्हणजे त्याला दोन वेळां वांचवावें लागतें. पहिल्यानें यंत्रापासून. त्यासाठीं ‘डॉसबॉक्स’ ही आज्ञावली फार उपयोगी पडली. दोघां डच प्रोग्रामरांनीं २००२ सालीं ती प्रसिद्ध केली आणि ती फुकट आहे. नव्या संगणकाच्या पोटांत ती जुन्या संगणकाचें सोंग आणते: जुना प्रोसेसर, जुनें ध्वनिकार्ड आणि जुनी मंद गति सुद्धां. खेळाला वाटतें कीं तो १९९० सालींच आहे. दुसऱ्यानें त्याला कागदपत्रांपासून वांचवावें लागतें. ‘सिस्टिम शॉक २’ ह्या १९९९ च्या खेळाची कथा पाहावी. तो रचणारी संस्था २००० सालीं बंद पडली आणि त्याचे हक्क एका विमा कंपनीकडे गेले. २०१२ सालीं स्टीफन किक हा अमेरिकन तरुण ग्वाटेमालांत प्रवास करीत असतां त्याला हा खेळ खेळण्याची इच्छा झाली. खेळ त्याच्या संगणकावर चालेना आणि विकतहि मिळेना. शोध घेतां घेतां तो त्या विमा कंपनीपर्यंत पोंचला, परवानगी मिळविली आणि २०१३ मध्यें खेळ पुन्हां विक्रीस आला. विम्याच्या कचेरींत पडून असलेली कलाकृति एका प्रवाशाच्या हट्टानें सुटली. असे हट्टी प्रवासी थोडे असतात. अमेरिकेंत २०१० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज विकत मिळत नाहींत, असा निष्कर्ष तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें २०२३ सालीं काढला.

नव्या खेळांची स्थिति तर अधिकच नाजूक आहे. जुना खेळ निदान फ्लॉपीवर पूर्ण असे. आजच्या कित्येक खेळांचा अर्धा भाग कंपनीच्या दूरच्या यंत्रावर राहतो. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ सालीं विक्रीस आला. कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं आपलें यंत्र बंद केलें आणि पैसे मोजलेल्या लोकांच्या हातांत निरुपयोगी तबकड्या राहिल्या. ह्याविरुद्ध युरोपांत उभ्या राहिलेल्या चळवळीच्या अर्जावर २०२५ सालीं दहा लाखांहून अधिक नागरिकांनीं सह्या केल्या. जगांतील सर्वांत मोठें दुकान जें ‘स्टीम’, तेंहि २०२४ पासून स्पष्ट सांगतें कीं, गिऱ्हाइकास मिळतो तो परवाना, वस्तु नव्हे. लॅमिंग्टन रस्त्यावरून डबा घेऊन येणाऱ्याची समजूत अशी नव्हती. त्यानें घेतलेली वस्तु त्याची होती.

हा इतिहास ध्यानांत घेतला तर यंत्राच्या निवडीचा प्रश्नहि निराळा दिसतो. दुकानदार प्रथम यंत्र दाखवितो; गिऱ्हाइकानें प्रथम खेळांची यादी करावी. जे खेळ २००० च्या आसपासचे किंवा त्यापूर्वींचे आहेत, त्यांना वेगळें ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. शाळेच्या कामासाठीं घेतलेला साधा संगणकहि त्यांना पुरून उरतो. नवे, भारी चित्रांचे खेळ खेळावयाचे असतील तर मात्र सर्वांत मोठा खर्च ग्राफिक्स कार्डावर येतो. त्याच्या मागोमाग वीज पुरविणाऱ्या एस. एम. पी. एस. कडे लक्ष द्यावें. ह्याच भागांत काटकसर करण्याचा मोह होतो आणि बिघाड झाला तर तो बाकीचे भाग घेऊन जातो. भाग बदलतां येण्याजोगें मेजावरचें यंत्र लॅपटॉपपेक्षां अधिक वर्षें उपयोगी पडतें, कारण त्यांत एकच अवयव म्हातारा होतो, सारा देह नव्हे. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील पावसाळी दमट हवा धातूच्या टोंकांना आणि पंख्यांना मानवत नाहीं. यंत्र भिंतीला चिकटून ठेवूं नये आणि वरचेवर चालू करावें. जुन्या तबकड्या घरांत असतील तर त्यांवर बुरशी धरण्यापूर्वीं त्यांच्या प्रति दुसऱ्या चकतीवर घेऊन ठेवाव्या.

यंत्र जुनें झालें म्हणजे काय, हेंहि तपासून पाहण्यासारखें आहे. विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि तिची पुढची आवृत्ति कित्येक धडधाकट संगणकांना आपल्यांत घेत नाहीं. अशा यंत्रांना भंगाराची वाट दाखविण्याची घाई करूं नये. लिनक्स ही मुक्त प्रणाली त्यांवर चालते, आणि २०१८ पासून मिळणाऱ्या ‘प्रोटॉन’ ह्या आज्ञावलीच्या साह्यानें विंडोजसाठीं लिहिलेले हजारों खेळ तिच्यावर चालतात. कित्येक जुने खेळ तर आजच्या विंडोजपेक्षां तेथेंच अधिक बरे चालतात. सोळा बिटांच्या काळांतील आज्ञावली चौसष्ट बिटांची नवी विंडोज मुळींच स्वीकारीत नाहीं. सोंग घेणाऱ्या आज्ञावलीस मात्र ती परकी नसते.

आतां ह्या प्रश्नाची दुसरी बाजू. आजवर महाराष्ट्र दुसऱ्यांचे खेळ खेळला. आतां तो स्वतःचे रचूं लागला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या लहानशा संस्थेनें ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. २०१७ सालीं लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी काम थांबलें नाहीं. अपहृत भावाला सोडविण्यासाठीं निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णु ह्यांचें निवेदन, पहाडी चित्रशैलीची छाया: ज्या खेळांत आपल्याकडचीं देवळें आणि कमानी दिसतात असा हा खेळ जगांतल्या मोठ्या दुकानांत पोंचला. पंचवीस वर्षांनीं तो कोणत्या यंत्रावर चालेल? त्याची मूळ आज्ञावली कोणत्या कपाटांत असेल? परदेशी खेळांना निदान हट्टी प्रवासी, हौशी मंडळें आणि संग्रहालयें मिळालीं. मराठी माणसानें रचलेल्या खेळाची प्रत जपणें हें काम मराठी ग्रंथालयांचें, विद्यापीठांचें आणि घरांचेंच आहे. ग्रंथालयांत जुनीं मासिकें बांधून ठेवतात. त्याच शेल्फावर खेळाची एक प्रत, ती चालविण्याची आज्ञावली आणि माहितीपुस्तक ठेवण्यास फारसा खर्च येणार नाहीं.

चामटोलीहून फार दूर नसलेलें अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चें आहे, असें तेथील शिलालेख सांगतो. साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ तें उभें आहे, कारण दगड वाचावयास दुसरें यंत्र लागत नाहीं. त्याच मंदिराच्या परिसरांतील एखाद्या घरांत माळ्यावर ठेवलेली १९९५ सालची फ्लॉपी मात्र तीस वर्षांतच मुकी झाली आहे. तिच्यांत कोणता खेळ होता हें सांगणारें यंत्र त्या घरांत उरलेलें नाहीं. सावंतवाडीच्या गंजिफा वांचल्या त्या एक म्हातारा चितारी जिवंत असतांनाच कोणी त्याच्याकडे गेलें म्हणून. फ्लॉपी वाचणारीं यंत्रें अजून कोठें कोठें चालू आहेत आणि तीं चालविणारीं माणसेंहि आहेत. माळ्यावरच्या त्या खोक्याला हात घालण्यास हाच काळ योग्य होय.